लांबून काढलेली गजी

शाळेच्या स्लॅबवर कठड्याशी मांडी घालून इंद्रजितनं कॅमेऱ्याच्या तोंडावर ॲडॅप्टरची कडी बसवली आणि तिच्यापुढं जुनी तीनशे मिलिमीटरची लेन्स फिरवून घट्ट केली. कॅमेऱ्यानं लगेच कुरकुर केली. लेन्स जोडलेली नाही, अशी अक्षरं पडद्यावर आली. एवढं थोरलं धातूचं नळकांडं नाकावर लटकतंय आणि हा शहाणा म्हणतोय लेन्सच नाही. इंद्रजितनं मेनूत शिरून लेन्स नसली तरी फोटो काढायची मुभा त्याला दिली, तीनशे हा आकडा हातानं भरला आणि रिंग फिरवत देवळापुढचा लिंब शोधला. पानांच्या कडांवर बारीक लाल रेघा चमकल्या. याचा अर्थ फोकस तिथं बसला होता.

खाली पटांगणात ढोल तापवायचं चाललं होतं. बिरोबाची यात्रा, चैत्रातलं ऊन, आणि वाडीतलं बाहेरगावी असलेलं प्रत्येक माणूस आज माघारी आलेलं. इंद्रजितही विट्याचा स्टुडिओ बंद ठेवून आला होता. त्याला आज फक्त एक फोटो हवा होता. त्याचे वडील आप्पासो गजी खेळताना, म्हणजे ढोलाच्या तालावर रिंगणातला धनगरी नाच नाचताना.

आता ज्याचा धंदाच फोटोचा, त्याला स्वतःच्या बापाचा एक फोटो मिळू नये, हे ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही. तसे घरात आप्पांचे फोटो कमी नव्हते. पण सगळे एकाच दिवशी, एकाच जागी काढल्यासारखे. कॅमेरा जवळ आला की आप्पा थांबायचे, पटका सारखा करायचे, हात मांड्यांना चिकटवायचे आणि श्वास धरून उभे राहायचे. फोटो काढताना अंग हलवायचं नसतं, ही त्यांची पक्की समजूत. इंद्रजितच्या लग्नात त्यांनी अक्षतासुद्धा मुठीत धरून ठेवल्या होत्या. एका यात्रेत तर तो कॅमेरा घेऊन थेट रिंगणात घुसला, तेव्हा आप्पा ऐन गजीत खांबासारखे उभे राहिले आणि मागचे तिघे त्यांच्यावर आदळले. ढोल थांबला. आप्पांचे गजीतले जोडीदार जोतिबातात्यांनी त्या दिवशी इंद्रजितला आख्ख्या भावकीसमोर जे सुनावलं, ते त्याच्या अजून कानात होतं.

म्हणून लांबून. पण लांबूनही मागल्या वर्षी फसलं. भाड्यानं आणलेली भारी लेन्स होती, माणूस पळाला तरी त्याचा डोळा सोडत नाही म्हणायची. पण पटांगणात भंडारा उधळला की ती आप्पांना सोडून भंडाऱ्यालाच धरायची. शेकडो फोटोंत हळदीचा कण न् कण स्वच्छ आणि त्यामागं आप्पा म्हणजे एक पांढरा डाग. वर लेन्सच्या सांध्यात भंडारा शिरला तो वेगळाच, मालकानं पुन्हा यात्रेला लेन्स देणार नाही म्हणून कानाला खडा लावला.

तेव्हा सांगलीचे चिंतामणकाका आठवले. काकांची उमर कुस्त्यांच्या मैदानात फोटो काढण्यात गेली होती. स्टुडिओ बंद करून आता ते नदीकाठच्या घरात पेपर वाचत बसायचे. त्यांनी कपाटातून ही तीनशेची लेन्स काढून दिली आणि एवढंच म्हणाले, “हिला स्वतःची अक्कल नाही, हाच हिचा गुण. तू ठरवशील तिथंच ती बघेल. पण मग चुकलास तर तिच्यावर ढकलायचं नाही.”

पुढचे दोन महिने इंद्रजितनं स्टुडिओच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली, म्हशी आणि एस.टी.च्या गाड्यांवर हात बसवला. सुरुवातीला सगळं धूसर यायचं. मग बोटांना कळायला लागलं.

“इंद्रा, आरं खाली ये, पानी तरी पी,” खालून हरणाबाईनं, त्याच्या आईनं हाक मारली. हातात तांब्या होता आणि कपाळभर भंडारा.

“आता न्हाई आय. आप्पा कुठं हायत?”

“पटका बांधत्यात. सकाळधरनं तिसऱ्यांदा सोडून बांधला.” तिनं तांब्या खाली ठेवला. “डाव्या पायाला पट्टी गुंडाळलीया. डॉक्टरनं नगं म्हनलं तरी ऐकत्यात व्हय. औंदा शेवटचं, म्हनं.”

“जोतिबातात्या?”

“ते बी हायतच की. ह्येनी उतरनार म्हनल्याव ते घरात बसत्यात काय?”

जोतिबातात्या आणि आप्पा मिसरूड फुटल्यापासून गजीत जोडीनं खेळत आले होते आणि तेव्हापासूनच त्यांचं भांडण होतं. गजी कुणाची चांगली, गिरकी कुणाची मोठी, पुढं कुणी असायचं. मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे दिवस होते तेव्हाही वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामात हा वाद निघायचा. मेंढरं गेली, शेतात बोअर आली, वाद तसाच राहिला.

ढोल घुमले. इंद्रजितनं डोळा फाइंडरला लावला.

पांढरे अंगरखे रिंगणात फिरू लागले. हातातले रंगीत रुमाल वर गेले, खाली आले. “बिरोबाच्या नावानं चांगभलं” झालं आणि पटांगणावर पिवळा ढग उठला. मागल्या वर्षी इथंच सगळं संपलं होतं. या वेळी लेन्स जिथं ठेवली तिथंच राहिली. ढग विरला आणि त्याच्या आतून आप्पा आले, कानातली बाळी न् बाळी दिसावी इतके लख्ख. लाल रेघ त्यांच्या नाकावर, मिशीवर, पटक्याच्या काठावर. आप्पा हसत होते. तोंडात मोजकेच दात उरलेला तो माणूस आभाळाकडं बघून हसत होता, आणि असं हसताना त्यानं त्यांना कधी टिपलं नव्हतं.

रिंगण सरकलं की तो रिंग सरकवत होता. आप्पा शाळेच्या बाजूला आले, कॅमेऱ्याकडं पाठ झाली, जोतिबातात्या त्यांच्या पलीकडून जोडीनं आले. इंद्रजितनं कॅमेरा उभा धरला, आप्पांच्या पाठीवर फोकस बसवला आणि काढत राहिला.

ढोल थांबल्यावर त्यानं पडद्यावर फोटो मोठे करून पाहिले. तोंडाचे फोटो सुरेख होते, पण भोवतीच्या गर्दीनं त्यांचे पाय कापले होते. अंगभर गजी आली होती ती एकाच फोटोत. मान मागं टाकलेली, अर्धा चेहरा हसणारा, रुमाल वर फेकलेला, अंगरख्याचा घेर फुललेला. आणि कमरेशी, पट्ट्याच्या आत चार बोटं घालून घट्ट धरलेला एक हात. हाताच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. मनगटावर जोतिबातात्यांचं कडं होतं.

इंद्रजितनं फोटो खाली सरकवला. आप्पांचा डावा पाय जमिनीला नुसता टेकला होता. त्याच्यावर भार नव्हताच.

म्हणजे आप्पा खेळत नव्हते, त्यांना खेळवलं जात होतं. ज्या माणसाशी त्यांनी जन्मभर गिरकीवरून वाद घातला, त्यानंच. बोट खोडायच्या बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. एवढ्या वर्षांनी हातात आलेला फोटो त्याच्यानं पुसवेना.

खाली हौदावर जोतिबातात्या तोंड धूत होते. इंद्रजितच्या गळ्यातला कॅमेरा बघून त्यांनी ओले हात अंगरख्याला पुसले.

“दाव बगू. आली का गजी?”

त्यानं दाखवला. तात्यांनी पडद्यावर वाकून पाहिलं. मग आजूबाजूला नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला.

“ह्यो आप्पाला दावू नगंस.”

“न्हाई दावत.”

“सगळं वजन माझ्याव टाकलं हुतं गड्यानं. पाटीव हात टाकून निस्ता रेलला हुता. मी सोडला असता तर तोंडावर आला असता.” ते हसले. “पर त्याला वाटतंय, त्यो खेळला. तसंच वाटू दे. काय बिघडतंय?”

“तात्या, तुमचं बी गुडघं दुखत्यात न्हवं?”

“दुखत्यात की. मी औंदा उतरनारच न्हवतो.” एवढं बोलून ते निघाले आणि चार पावलांवरून मागं वळले. “मला मातर एक मोठा करून दे. आमच्या घरात लावतो. आप्पा कुठं येतोय बगाय.”

संध्याकाळी आप्पा अंगणात बाजेवर पाय लांब करून बसले होते. हरणाबाई गुडघ्याला तेल चोळत होती. भंडारा अजून त्यांच्या भुवयांत होता.

“दाव,” आप्पा म्हणाले.

इंद्रजितनं तोंडाचे फोटो दाखवले. आप्पांनी मान डोलावली, पण समाधान झालं नव्हतं.

“ह्यात निस्तं थोबाड हाय. गजी कुठं हाय?”

“ती न्हाई आली. फोकस चुकला आप्पा.” चुकलास तर लेन्सवर ढकलायचं नाही, हे त्यानं पाळलं होतं. न चुकता चुकलो म्हणायची वेळ येईल, हे काकांनी सांगितलं नव्हतं.

“मग मघाशी हौदापाशी जोतिबा भावजींस्नी काय दावत हुतास?” हरणाबाईनं तेलाचा हात न थांबवता विचारलं. “ते तर हसत हुते.”

आप्पांनी हात पुढं केला. आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. इंद्रजितनं तो फोटो लावला, कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि गोठ्याकडं बघत उभा राहिला.

“ह्येला मोठं कसं करायचं?”

त्यानं मोठा करून दिला. कमरेचा पट्टा, चार बोटं, कडं. आप्पांनी पडदा डोळ्यांजवळ नेला.

“तिकडं सरकव. जोतिबाच्या अंगाला.”

तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. तात्या लेन्सच्या फोकसबाहेर गेले होते, त्यांची पाठ धूसर झाली होती आणि पाठीवर एक हिरवट चिंधी लोंबत होती. त्यांचा रुमाल असेल म्हणून इंद्रजितनं दुपारी तिकडं पाहिलंही नव्हतं.

“ह्यो रुमाल कुनाचा?” आप्पांनी विचारलं.

“तात्यांचा.”

“जोतिबाचा तांबडा. हिरवा माझा. एक वर टाकला हुता, ह्यो दुसऱ्या हातातला.” त्यांनी काचेवर बोट ठेवलं. “आन् ह्यो रुमाल न्हवं. रुमालासकट माझा हात हाय. काखंत घालून धरलंय त्याला. त्याचं दोनी गुडघं गेल्यात. माझा पट्टा धरून लोंबकळत हुता बिचारा. मी सोडला असता तर तितंच बसला असता.”

इंद्रजितनं कॅमेरा घेऊन पुन्हा पाहिलं. एकदा सांगितल्यावर दिसत होतं. धूसर होती, पण बोटंच होती ती, आणि त्यांनी तात्यांच्या अंगरख्याचा बोळा केला होता. कुणाचा भार कुणावर होता, हे त्या फोटोतून सांगता आलं नसतं. तात्यांचं बोलणं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण आप्पांकडं बघून ते मिटलं.

“जोतिबाला सांगू नगंस,” आप्पा म्हणाले. “त्याला वाटतंय, त्यो खेळला.”

“न्हाई सांगत.”

“आन् मला ह्यो मोठा करून दे.” त्यांनी पाय बाजेवरून खाली घेतला, पट्टी जरा घट्ट केली आणि हरणाबाईला म्हणाले, “तेल पुढच्या सालाला बी लागंल. आनून ठेव.”

“आवं, औंदा शेवटचं म्हनला हुता की.”

“म्हनलो हुतो,” आप्पा म्हणाले. “पर मी न्हाई उतरलो, तर त्याला कोन धरंल?”