दारात अडकलेले सातवे पान

मी एक जुनी श्वेतपत्रिका आहे. खरे सांगायचे तर सध्या मी पावणेआठ पानांची श्वेतपत्रिका आहे. जन्मले तेव्हा पूर्ण आठ पानांची होते. उरलेले पाव पान कुठे गेले, हीच माझी गोष्ट.

मित्रांनो, माझ्या नावावर जाऊ नका. तुम्ही बातम्यांत ऐकता ती सरकारची श्वेतपत्रिका माझी लांबची नातेवाईक. ती मोठ्या घरची, त्यामुळे आमचे जाणे-येणे नाही. मी धंद्यातली. एखाद्या कारखान्याला आपला माल खपवायचा असतो, पण गिऱ्हाईक असते शहाणे. त्याला नुसते 'घ्या हो घ्या' म्हटले की ते आणखी लांब सरकते. अशा वेळी आधी त्याची अडचण नीट मांडायची, मग पुरावा द्यायचा, उपाय समजावून सांगायचा आणि आपल्या मालाचे नाव सगळ्यांत शेवटी, हळूच घ्यायचे. हे सगळे जिला जमते ती मी. जाहिरात ही माझी धाकटी बहीण. ती दिसायला बरी आहे.

माझा जन्म एका बैठकीत ठरला. शीतगृहांच्या दारांच्या कडेला बसणाऱ्या रबरी पट्ट्या बनवणारा तो कारखाना. पट्टी चांगली असेल तर थंडी आत राहते, नसेल तर ती बाहेर फिरायला जाते. कारखान्याचे मालक पंचावन्न वर्षांचे होते. त्यांची आत्या ऐंशीची. ती भागीदार होती आणि तिच्या सहीशिवाय कारखान्यातून साधे पत्रही बाहेर पडत नसे. सही करण्याआधी ती भिंगातून प्रत्येक ओळ वाचे. मालकांना ती सगळ्यांसमोर 'बाळ' म्हणे. मालकांनी त्यावर मिशा वाढवून पाहिल्या होत्या, पण उपयोग झाला नाही.

मला लिहायला एक लेखिका नेमली गेली, तीन महिन्यांच्या बोलीवर. तिचे टेबल जिथे टाकले तिथे पूर्वी रबराचे रोल उभे असत. रोल व्हरांड्यात गेले आणि तिथून खिडकीला टेकून दिवसभर आत बघत बसले.

"तीन महिन्यांत तुमच्या लिहिण्यावरून एक जरी गिऱ्हाईक आलं," मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "तर तुम्ही आत, रोल बाहेर. नाहीतर उलट."

लेखिकेने खिडकीकडे पाहिले. रोल तिच्याकडे पाहतच होते.

माझा पहिला खर्डा मालकांनी स्वतः सांगून लिहवून घेतला होता. तेव्हा मी बेचाळीस पानांची होते. पहिल्या पानावर मालकांचे आजोबा, दुसऱ्यावर मालक, तिसऱ्यावर मालक पट्टी हातात धरून, चौथ्यावर नुसती पट्टी, पण पार्श्वभूमीला मालक. 'जगातील सर्वोत्तम' हे शब्द माझ्यात एकशे अकरा वेळा होते. मला ते अंगावर खाज सुटल्यासारखे वाटे, पण खर्ड्याला हात नसतात.

लेखिकेने सगळे वाचले आणि विचारले, "साहेब, हे वाचणार कोण?"

"सगळं जग."

"सगळ्या जगाकडे शीतगृह आहे का?"

मालक काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "बाळ, ती विचारतेय त्याचं उत्तर दे."

उत्तर मालकांकडे नव्हते. ते फिटरकाकांकडे होते. काका तीस वर्षे गावोगावच्या शीतगृहांत पट्ट्या बसवत आले होते आणि या तीस वर्षांत त्यांना कोणी काहीही विचारले नव्हते. लेखिका वही घेऊन त्यांच्याजवळ बाकावर जाऊन बसली, तेव्हा त्यांना आधी वाटले की त्यांचे काही चुकले.

"काका, लोकांची पट्टीबद्दल तक्रार काय असते?"

"पट्टीबद्दल? अगं पोरी, पट्टीचं कोणी नावच घेत नाही. म्हणतात यंत्र म्हातारं झालं, वीज फार खातंय, भिंतीवर बर्फ धरतोय. यंत्र बिचारं धापा टाकत असतं आणि चोर बसलेला असतो दारात."

"मग तुम्ही चोर कसा पकडता?"

"कागद घ्यायचा. दाराच्या कडेला धरायचा, दार लावायचं आणि ओढायचा. अडला तर पट्टी चांगली. शाळा सुटल्यावर पोरं सुटतात तसा सुटला, तर पट्टी गेली." काकांनी जरा विचार केला. "आणि हे पण लिही. कागद साधा पाहिजे. गुळगुळीत कागद चांगल्या दारातूनही निसटतो. एकदा घाईत मी भाच्याची लग्नपत्रिका वापरली होती. चांगली नवी पट्टी उपटून फेकली. भाच्याचा संसार टिकला, पट्टीचा नाही."

त्या बाकावर मी खरी जन्मले. बेचाळीस पानांची मी आठ पानांची झाले. वर शीर्षक आले : 'तुमचे शीतगृह दारातून गळते आहे का?' मग लोकांच्या तक्रारी, त्यांच्या तोंडच्या शब्दांत. मग काकांच्या डायरीतल्या चौऱ्याहत्तर दारांच्या नोंदी. सातव्या पानावर ती चाचणी : 'हेच पान दारात धरा आणि ओढून पाहा.' त्याखाली, पानाच्या तळाशी, काकांची ओळ : 'चाचणीसाठी साधा कागदच वापरा; गुळगुळीत कागद चांगल्या दारातूनही सुटतो.' कारखान्याचे नाव फक्त आठव्या पानावर.

आत्याने मला दोन दिवस भिंगातून वाचले आणि सही केली. मालकांनी मला हातात घेऊन उलटसुलट केले, थोडे झटकलेही.

"मी कुठाय?"

"शेवटच्या पानावर, साहेब. फोन नंबरच्या वर."

"फोटो?"

"फोन नंबर आहे ना, साहेब."

मालकांनी मोठ्या मनाने ते गिळले. पण आत्या घरी गेल्यावर ते सातवे पान घेऊन पुन्हा आले. "ही खालची ओळ काढा. आपल्याच तोंडानं सांगायचं की चाचणी फसते? दूधवाला कधी सांगतो का, माझं दूध नासतं म्हणून?"

लेखिकेला माहीत होते की ती ओळ राहायला हवी. तिने तोंड उघडले, आणि तिची नजर खिडकीबाहेर गेली. तिने तोंड मिटले, पेन्सिल घेतली आणि ओळीवर एक रेघ मारली.

मित्रांनो, पेन्सिलीने दुखत नाही. तरी मला ती रेघ अजून आठवते.

फोटो गेल्यामुळे मालकांचे प्रेम दुसरीकडून बाहेर पडले. त्यांनी माझ्या तीनशे प्रती जाड कागदावर छापल्या आणि प्रत्येक पानाला लॅमिनेशन करून घेतले. माझ्या त्या बहिणी आरशासारख्या चमकत. मालक त्यांच्यात मिशा विंचरत. त्या पेटीत बसून मोठमोठ्या शीतगृहांना निघाल्या, आणि मी, साध्या कागदावरची, पेन्सिलीच्या खुणांची मूळ प्रत, मागे राहिले. लेखिकेच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. माझी घडी घालून मला त्याच्याखाली सारण्यात आले. मला लाज वाटली नाही. एका अर्थी अख्खा मार्केटिंग विभाग माझ्यावरच उभा होता.

अडीच महिने गेले. फोन आला नाही. एक रोल व्हरांड्यातून सरकून दाराशी आला. कोणी आणला, कोणास ठाऊक.

मग एका सकाळी फोन आला. आइस्क्रीमच्या एका शीतगृहाच्या व्यवस्थापिका बोलत होत्या. त्यांच्याकडे अकरा दारे होती. त्यांनी माझी एक बहीण अकराही दारांत धरून ओढली होती आणि ती अकराही दारांतून सुटली होती. त्यांनी एका दारासाठी पट्टी मागवली. फिटरकाका जाऊन बसवून आले. मालकांनी लेखिकेसाठी स्वतःच्या हाताने चहा आणला, आणि मग बराच वेळ तो कप कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला.

"नवी पट्टी बसवली. तुमचाच कागद धरला. सुटला!" बाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "ती काढून न्यायला उद्या माणूस पाठवा."

मालक फिटरकाकांवर उखडले. "काका, पट्टी उलटी बसवलीत का?"

"तीस वर्षांत मी फक्त स्वेटर उलटा घातलाय," काका शांतपणे म्हणाले. "पट्टी नाही."

लेखिकेचा चेहरा मात्र माझ्यासारखाच पांढरा झाला होता. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने मला पायाखालून ओढले. टेबल कलंडले, पेन्सिली घरंगळत भिंतीपर्यंत गेल्या.

"काय शोधतेस गं?" आत्याने विचारले.

"मी खोडलेली ओळ."

आत्याने मला मांडीवर पसरले, भिंग लावले. वाचले. पुन्हा वाचले. "मी सही केली तेव्हा ही रेघ नव्हती. बाळ?"

मालक पंख्याची पाती मोजू लागले. पंखा चालू होता.

दुसऱ्या दिवशी लेखिका आणि काका मला घेऊन शीतगृहात गेले. वाटेत काका म्हणाले, "छापखान्यावर ढकल की. कागद त्यांचा होता." लेखिकेने बोटांवर दिवस मोजले. तिच्या बोलीचे तीन दिवस उरले होते.

व्यवस्थापिका जाड कोट घालून, लाल नाकाने उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिले. "पक्कड आणलीत ना, पट्टी काढायला?"

"आणलीय," लेखिका म्हणाली. "पण आधी एक सांगायचंय. तुमची अकरा दारं गळतायत की नाही, ते आमच्या चकचकीत कागदावरून कळणारच नव्हतं. तो कुठूनही सुटतो. साधा कागद वापरा, अशी ओळ इथं होती. ती मी खोडली. आमची बाजू कच्ची वाटेल म्हणून."

बाईंनी कोटाची बाही घड्याळावर ओढली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग आता तुमच्यावर विश्वास कशाला ठेवू?"

"ठेवू नका." लेखिकेने माझी पिन काढली आणि सातवे पान त्यांच्या हातात दिले. "ओढा."

आधी मला जुन्या दहा दारांत एकेक करून धरले. दहाही दारांतून मी अशी निघाले, जसे काही कोणी मला बोलावणेच पाठवले होते. मग अकरावे दार. थंडगार रबराने मला दोन्ही बाजूंनी धरले. बाईंनी ओढले. मी हलले नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढले. एक पाय चौकटीला लावून ओढले. काका मागे हात पसरून उभे राहिले, बाई पडल्याच तर धरायला.

टर्रर्र.

टेबलाच्या पायाखाली पडलेल्या घडीवर मी बरोबर फाटले. मित्रांनो, मी फाटले, पण सुटले नाही.

दार उघडल्यावर तळाचा तुकडा खाली पडला. बाईंनी तो उचलला. त्याच तुकड्यावर ती ओळ होती, पेन्सिलीच्या रेघेखाली स्पष्ट वाचता येणारी. त्यांनी ती मोठ्याने वाचली.

"ही आधी वाचली असती," त्या म्हणाल्या, "तर कालच उरलेल्या दहा पट्ट्या मागवल्या असत्या."

"आणि आज?"

"आज पण मागवते. थंडीत जास्त बोलायला लावू नका. पण ही ओळ घालून साध्या कागदावर नवी प्रत पाठवा. आमच्या दुसऱ्या गोदामालाही द्यायचीय. आणि हा तुकडा माझ्याकडे राहील."

तो तुकडा आजही त्यांच्या फलकाला टाचलेला असतो. दर महिन्याला तो उतरतो, अकराही दारांत एकेकदा अडकतो आणि परत जागेवर जातो. माझ्यापेक्षा त्याचेच आयुष्य धकाधकीचे आहे.

लेखिका आत आहे. रोल बाहेर आहेत; त्यांनी ते मनावर घेतलेले दिसत नाही. मी आता तिच्या खणात, वरच्या बाजूला असते. मालकांनी मला आठवण म्हणून लॅमिनेट करायचे ठरवले होते. आत्या फक्त "बाळ" म्हणाली. टेबलाच्या पायाखाली आता माझी एक चकचकीत बहीण आहे. ती दिवसातून दोनदा निसटते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कोणाला काहीतरी पटवण्यासाठी लिहायला बसाल. तेव्हा आधी वाचणाऱ्याच्या दाराशी जाऊन उभे राहा आणि तीस वर्षे त्या दारांवर काम करणाऱ्याला विचारा. तुमची बाजू जिथे लंगडी पडते तेही त्यात लिहा. त्या ओळीवर रेघ मारायला हात उचलला गेला, तर खिडकीबाहेर बघू नका. खर्डे जपून ठेवा. आणि टेबल डुगडुगत असेल, तर कृपा करून सुताराला बोलवा.