इस्त्री केलेलं क्रेप

सुनेच्या मावशीचं शिलाई मशीन घरात आलं त्या दिवसापासून सासूबाईंच्या डोळ्यांत खुपत होतं. खिडकीजवळच्या त्या कोपऱ्यात त्यांना कपाट हवं होतं. शेवटी नवऱ्याने मोठ्या न्यायाधीशाच्या थाटात निकाल दिला, "हॉलचे दोन पडदे नीट शिवून दाखव. जमले तर मशीन राहील, नाहीतर देऊन टाकू."

मावशी जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या मशीनसाठी आता परीक्षा द्यायची! सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दात-ओठ खात कापड घेऊन आली.

आणलं तेही क्रेप. नवशिकीने साधं सुती घ्यावं, तर हिचा जीव त्या बारीक सुरकुत्यांच्या राखाडी कापडावर जडला. कात्री लावायला गेली की ते टेबलावरून सरकून खाली. टाचण्या कापडात कमी आणि बोटांत जास्त. क्रेप आटतं, आधी धुऊन घ्यावं, एवढं मात्र तिने कुठेतरी ऐकलं होतं. धुतलं, वाळवलं, टोपलीत ठेवलं आणि कामावर गेली.

संध्याकाळी येऊन पाहते तर कापड टेबलावर घडी घालून ठेवलेलं, गुळगुळीत, अगदी शहाण्या मुलासारखं. धुतल्यामुळे वठणीवर आलं, असं वाटून बिचारी खूश झाली. मापं घेतली, कापलं, जागरणं करून शिवलं. खडूच्या खुणा राहिल्या होत्या, म्हणून तयार पडदे पाण्यातून काढून वाळत घातले.

सुट्टीच्या दिवशी सगळ्यांसमोर दांडीवर चढवले. खिडकी संपायच्या वीतभर आधीच पडदे संपले.

"खिडकीला हाफ पँट शिवलीस का गं?" नवरा पोट धरून हसायला लागला.

"आटलं कसं? मी तर आधी धुतलं होतं!"

"नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाई म्हणाल्या. "कापडाला नावं ठेवू नकोस. दुपारभर राबलेय मी त्याच्यावर. पाणी मारून, ओढून ओढून इस्त्री केली, एकेक सुरकुती काढली, तेव्हा कुठे ते शिवण्यासारखं झालं."

या घरात टेबल पुसायच्या फडक्यालाही इस्त्री होते, हे तिला ठाऊक होतं. पण हे तर क्रेप होतं! क्रेपच्या सुरकुत्या म्हणजे चुरगळल्याच्या खुणा नव्हेत, ती त्याची जातच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ओढून सपाट केलेलं कापड पाणी लागताच पुन्हा आपल्या जागेवर गेलं होतं.

"मला विचारलंत?"

"अगं, मदत केली! आता मदतीचंही विचारायचं?" सासूबाई मुलाकडे वळल्या. "उद्या कपाटवाल्याला फोन लाव."

"लावायचा नाही!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की नवऱ्याचं हसू ओठांवरच विझलं. "मशीन हलणार नाही. पडदे जमोत, नाहीतर बिघडोत. आई, तुमच्या इस्त्रीला कधी कुणी म्हटलं का, दोन शर्ट नीट करून दाखव, मगच घरात राहा?"

 

पडदे उतरवून ती मशीनवर बसली. उरलेल्या कापडाचा पट्टा कापताना ते या वेळी सरकलं नाही. इतकं घट्ट तिने ते आजवर धरलंच नव्हतं. पट्टा जोडला. शिवण वाकडी गेली, पार नागमोडी. पण पडदा खिडकीच्या खालपर्यंत पोचला.

बऱ्याच वेळाने सासूबाई जवळ आल्या. सवयच ती, इस्त्री हातातच होती.

"निदान शिवणीवरून तरी फिरवू का?"

आज पहिल्यांदाच त्यांनी विचारलं होतं. सुनेने मान वर न करता दुसरा पडदा सुईखाली सरकवला.

"नको," ती म्हणाली.