सात जणींची आई

दोरावरून नदी मी सगळ्यांत आधी ओलांडली, हे आधीच सांगून टाकते, कारण शाळेच्या अहवालात त्याचा उल्लेख नाही. एक दोर पायाखाली, एक हाताला, खाली खळाळतं पाणी, आणि आठवीची सगळी पोरं काठावर 'तू जा, तू जा' करत उभी. मी गेले. पलीकडे पोचून हात वर केला, तेव्हा आमच्या वर्गाच्या हार्तिनी बाई छत्रीशी झटापट करत होत्या. अहवालात माझा फोटो आहे खरा, पण तो दुसऱ्या दिवशीचा. तोंड वाकडं, नाक लाल, आणि खाली ओळ: 'आईच्या पत्राने भारावलेली विद्यार्थिनी.'

म्हणजे धाडस शिकवायला म्हणून तीन दिवस शिबिराला जावातल्या विलिस डोंगराच्या पायथ्याशी नेलं, आणि शाबासकी दिली ती रडण्याची.

दुसऱ्या दिवशी दुपारचा भात आणि सोयाबीनचं तेम्पे खाऊन झाल्यावर आम्हाला मोठ्या मांडवात बसवलं. गळ्यातले स्काउटचे रुमाल सोडून डोळ्यांवर बांधायला लावले. बासरीची टेप सुरू झाली. सकाळी चिखलातून सरपटायला लावताना आमच्यावर खेकसणारा युडोदादा माईकवर लोण्यासारख्या आवाजात बोलू लागला. "कल्पना करा, उद्या तुम्ही घरी जाता. अंगणात खुर्च्या मांडल्यात. माणसं जमलीत. कुणी बोलत नाही. आत पांढऱ्या कापडाखाली कोण झोपलंय?"

हे दर वर्षी होतं. मोठ्या भावाबहिणींकडून सगळ्यांना आधीच कळलेलं असतं, तरी पोरं हुंदके देतात. सकाळी डबा भरून देणारी आई ज्यांच्या घरात धडधाकट आहे, त्यांनी ती मेल्याचं मनात आणून रडायचं! मला रडू येईना, नुसता संताप येत होता. बाई रांगांमधून फिरत होत्या. जो रडत नसेल त्याच्या खांद्यावर हात ठेवून कुजबुजत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "नावांग, मन इतकं घट्ट करू नये गं. आईला आठव."

आईला आठव म्हणे. माझी आई तैवानला एका म्हाताऱ्याची सेवा करायला गेली, त्याला चार वर्षं झाली. दर रविवारी तिचा फोन यायचा. गेले पाच महिने नंबर बंद आहे. एजंट म्हणतो, मालक बदलला असेल. शेजारची बाई म्हणते, पळाली असेल कुणाबरोबर. बाबा काहीच म्हणत नाहीत. रविवारी फोन चार्ज करून मांडीवर घेऊन बसतात, संध्याकाळी उठून पिकअप धुतात. मी दुसरं काय आठवत असते दिवसभर?

मग रुमाल सोडायला सांगितले आणि पत्रं वाटली. प्रत्येकाच्या आईवडिलांकडून शाळेने गुपचूप मागवलेली. माझं नाव पुकारलं तेव्हा मला वाटलं, चुकून पुकारलं.

"आईचं आहे," बाई हळूच म्हणाल्या. "मोबाइलवर आलं होतं, मी उतरवून घेतलं."

'माझ्या लाडक्या मुली,' असं सुरू होत होतं. 'दूर देशात रोज तुझा फोटो बघून मी झोपते. हे कष्ट तुझ्यासाठीच आहेत. नीट अभ्यास कर, शिक्षकांचा मान राख. यंदाच्या ईदला मी नक्की घरी येणार आहे.'

पत्र शाळेच्या इंडोनेशियन भाषेत होतं. आई आमच्याशी जावानीजशिवाय बोलत नाही, आणि 'लाडक्या मुली' तर ती जन्मात म्हणालेली नाही, 'ए माकडे' म्हणते. हे मला दिसलं नाही असं नाही. पण मीच तिची वकिली केली. शाळेला पाठवायचं म्हणून शुद्ध लिहिलं असेल, पाच महिन्यांनी बोलताना माणूस जरा मऊ होतोच. आणि मी रडले. कशी रडले ते फोटोत आहेच. बाईंनी मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "आता कशी मोकळी झालीस!"

आमचे मोबाइल पेटीत जमा होते. फाटकापाशी तळलेली केळी विकणाऱ्या बाईकडून मी फोन मागून घेतला.

"बाबा, आईचं पत्र आलंय. ईदला येतेय."

पलीकडे पिकअपचं इंजिन बंद केल्याचा आवाज आला.

"कुणाला आलं?"

"आमच्या बाईंना. मोबाइलवर."

"बरी आहे ना ती?"

"येतेय म्हणजे बरीच असणार ना, बाबा!"

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "जेवलीस का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तंबू उतरवताना माझ्या जोडीला एर्लिना होती. ती पलीकडच्या गावची, तिची आई हाँगकाँगला. खुंट्या पुसायला तिने खिशातून एक कागद काढला आणि चिखलाने बरबटवला.

"अगं, पत्र आहे ना ते!"

"मग? तुला पाहिजे?"

मी घेतलं. माझ्या लाडक्या मुली. दूर देशात रोज तुझा फोटो बघून. यंदाच्या ईदला. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. अक्षर तेच, शाईसुद्धा तीच.

"बाईंनी लिहिलंय," एर्लिना म्हणाली. "माझी आई कुठली येते? परवाच फोन होता, अजून दोन वर्षं वाढवलीत तिने. आपण सात जणी आहोत अशा. सातही जणींना हेच."

"मग तू रडलीस कशाला?"

"रडलं नाही तर बसवून ठेवतात. गेल्या वर्षी एकाला चहासुद्धा मिळाला नव्हता." तिने खुंटी पिशवीत टाकली. "तुला खरं वाटलं की काय?"

मी दोन्ही पत्रं मुठीत धरली. तशीच बाईंकडे गेले. त्या प्रमाणपत्रांवर सह्या करत होत्या.

"बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी दोन्ही कागद बघितले. लपवायचा प्रयत्न केला नाही, हे मान्य करते. उलट, पेन खाली ठेवून मायेने माझा हात धरला. मला त्याचाच जास्त राग आला.

"अगं, तुझ्या बाबांना दोनदा कळवलं, त्यांनी काही पाठवलं नाही. सगळ्यांच्या हातात पत्र, आणि तुम्ही सात जणी रिकाम्या हातांनी बसणार? मला बघवलं नसतं, नावांग."

"आणि ईदला येणार, हे कुठून आणलंत?"

"ईदला सगळ्यांच्याच आया यायचं म्हणतात गं. चांगलंच लिहिलं ना? वाईट तर नाही लिहिलं!"

"माझ्या आईचा पाच महिने फोन नाही."

त्यांनी माझा हात सोडला. "मला माहीत नव्हतं."

"विचारलंत का?"

"हळू बोल. पालक यायला लागलेत." त्या उठल्या, साडेनऊ वाजले होते. "हे बघ, समारंभ छान होऊ दे. घरी आत्ता काही सांगू नकोस. नंतर मी स्वतः बोलेन."

"मी कालच सांगून बसलेय, बाई," मी म्हणाले. पण त्या पुढे गेल्या होत्या.

बाबांना आमच्या समारंभांची सवय नाही. दुसऱ्यांचे बाप येतात तेव्हा ते पिकअपमध्येच बसून राहतात. त्या दिवशी मी बघते तर ते फाटकातून आत येत होते. दाढी केलेली. ईदचा बाटिकचा शर्ट, इस्त्री केलेला, आईने जाताना कपाटात घडी घालून ठेवलेला तोच. हातात मोबाइल. मी वाटेत गाठून सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण मी मैदान ओलांडेपर्यंत त्यांनी बाईंना गाठलं होतं. काळी टोपी सारखी करून, कमरेत वाकून ते उभे होते.

"बाई, आपले फार उपकार झाले," बाबा सांगत होते. ते नेहमी बोलतात त्यापेक्षा कितीतरी जपून, एकेक शब्द वेचून. "तिचा नवा नंबर तेवढा द्याल का? जास्त वेळ नाही घेणार मी तिचा. जेवते ना नीट, एवढंच विचारीन."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं, त्यांना सोडवावं, असं ते बघणं होतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. दोरावर असताना पायसुद्धा इतके घट्ट रोवले नव्हते.

"ते... ते पत्र मी लिहिलं होतं," बाई म्हणाल्या.

"हो, आपण उतरवून घेतलंत, नावांग बोलली मला," बाबा म्हणाले आणि मोबाइल पुढे केला. "नंबर तेवढा यात घालून द्या. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"तसं नाही हो. निरोप आलाच नव्हता. मुलींना वाईट वाटू नये म्हणून मीच लिहिलं. सगळं मीच."

बाबांचा हात तसाच पुढे राहिला. मोबाइलचा पडदा विझला. त्यांनी तो शर्टाच्या बाहीला पुसला, खिशात ठेवला, आणि पुन्हा कमरेत वाकले. आमच्या लोकांना हेच शिकवलेलं असतं. घर जळालं तरी मोठ्या माणसासमोर वाकायचं.

"हरकत नाही, बाई," ते म्हणाले. "आपण पोरींच्या भल्यासाठीच केलंत. हरकत नाही."

"हरकत आहे!" मी ओरडले. सगळे पालक वळून बघू लागले, युडोदादाने माईक खाली घेतला, बाई 'श्श' करत पुढे आल्या. बाबांनी माझा दंड धरला. मी पुन्हा ओरडले, "हरकत आहे, बाबा! म्हणा ना, हरकत आहे!"

त्यांनी म्हटलं नाही. घरी जाईपर्यंत त्यांनी गाडी चालवली, आणि शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून पाठ सीटला टेकवली नाही.