माग्दालेनाचे केस

ईस्टरच्या आदल्या सकाळी चर्चमागच्या खोलीत नुन्झियाता संत माग्दालेनाच्या मूर्तीचे केस विंचरत होती. तेवढ्यात तिचा भाऊ साव्हेरियो दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. टोपी हातात असली की समजावं, हा वाईट काहीतरी सांगणार आहे.

"उद्या हिला बाहेर काढायची नाही," तो म्हणाला.

"मग निरोप कोण देणार? तू?"

"संत योहान."

नुन्झियाताच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून तिला लगेच हसता आलं नाही.

रोक्कामारा गावात ईस्टर म्हणजे माग्दालेनाची धाव. चढाच्या तळाशी, चौकात, कबरीतून उठलेला येशू उभा करतात. चढाच्या माथ्यावर, वळणाआड, काळा झगा पांघरलेली त्याची आई. मधल्या चढावरून लोक माग्दालेनाला खांद्यावर घेऊन पळतात. ती आईला सांगते, पोरगा जिवंत आहे. आईचा विश्वास बसत नाही. माग्दालेना खाली येते, पुन्हा वर जाते. आई हलत नाही. तिसऱ्यांदा गेली की मग आई निघते, मुलाला बघते, आणि काळा झगा गळून आतला निळा दिसतो. झगा एका झटक्यात पडला तर मासळी, ऑलिव्ह, बाळंतपणं, सगळं सुखरूप. अडकला तर गाव वर्षभर एकमेकांकडे संशयाने बघतं.

"तेरेझिनाच्या सासरची माणसं येतायत," साव्हेरियो म्हणाला. यंदा तो सणाच्या कमिटीचा अध्यक्ष होता आणि मुलीच्या साखरपुड्यामुळे त्याची झोप उडाली होती. "त्यांच्याकडे योहान पळतो. आणि आपल्याकडे ही! मोकळे केस, लाल कपडे. असल्या बाईकडून देवाच्या आईला निरोप?"

"असल्या म्हणजे कसल्या?"

"तुला माहीत आहे."

कोपऱ्यात म्हातारे फादर एलिया कॉफीत बिस्किट बुडवत होते. नुन्झियाता त्यांच्याकडे वळली. "फादर, पुस्तकात लिहिलंय का हो, ही वाईट बाई होती म्हणून?"

"नाही," फादर म्हणाले. "आजारी होती, बरी झाली, आणि मग येशूची पाठ सोडली नाही. क्रुसापाशी पुरुष पळाले, ही उभी राहिली. कबरीपाशी पहाटे हीच गेली. बाकीचं लोकांनी लिहिलंय, पुस्तकाबाहेर." बिस्किट कॉफीत पडलं. ते चमच्याने शोधू लागले.

"पण लोक उद्या पुस्तक घेऊन येणार नाहीत, फादर," साव्हेरियो म्हणाला. मग बहिणीकडे न बघता, "आणि नुन्झिया, उद्या तूही जरा मागेच उभी राहा."

तो लंगडत निघून गेला. नुन्झियाताने टाचण्या एकेक करून त्यांच्या छोट्या उशीत खोचल्या आणि पुन्हा केस विंचरायला घेतले.

ते केस तिचेच होते. हे आता फक्त तिला आणि माग्दालेनाला ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या एका हिवाळ्यात साव्हेरियो रशियाच्या बर्फात होता आणि त्याचं पत्र येणं बंद झालं होतं. सतरा वर्षांच्या नुन्झियाताने नवस केला, वेणी मुळापासून कापली आणि मूर्तीला सजवणाऱ्या म्हातारीकडे नेऊन दिली. म्हातारीने रातोरात त्या केसांचा टोप शिवला, गावाला सांगितलं की नेपल्सच्या मठातून आला, आणि ते गुपित सोबत घेऊन ती वारली.

आता त्या गावात पोरीची वेणी एकाच कारणाने जायची. ती कुणाबरोबर दिसली की बाप कात्री घ्यायचा. नुन्झियाताच्या बापाने कात्री हातातसुद्धा घेतली नव्हती, पण तिने तोंड उघडलं नाही तेव्हा त्यालाही तेच वाटलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. बोलून टाकलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण उघड केलेला नवस मोडतो, आणि मोडला तर कुणाच्या जिवावर येणार? भावाच्या. पायाची दोन बोटं बर्फात ठेवून तो परत आला. पहिल्याच जेवणाला त्याने विचारलं, "कोण होता तो?" ती म्हणाली, "कुणी नाही." त्यावर त्याचा कधी विश्वास बसला नाही. तेव्हापासून माग्दालेनाला ती सजवत आली होती. दुसरं कुणी ते काम मागायला आलंही नाही.

रविवारी सकाळी तिने तरीही माग्दालेनाला लाल रेशीम नेसवलं, हातात सुगंधी तेलाची कुपी दिली आणि चौकातल्या चर्चच्या दारात आणून ठेवलं. बाहेर जायचं नाही म्हणून काय सणाला जुन्या कपड्यांत राहायचं?

"तुला मागे उभी राहायला सांगितलंय ना?" शेजारची पास्क्वालिना म्हणाली. ती मासळी विकायची, त्यामुळे तिचं कुजबुजणंही बंदरापर्यंत जायचं. "मग मी पण मागेच. इथून सगळं छान दिसतं."

आणि दिसलंच. आठ गडी योहानाला घेऊन निघाले. आता संत योहान होता अखंड ऑलिव्हच्या बुंध्यातून कोरलेला. ऑगस्टच्या मिरवणुकीत तो बँडच्या तालावर, दर वळणावर थांबत, सरबत पीत फिरायचा. माग्दालेनाचा चेहरा आणि हात तेवढे लाकडाचे, आत वेताचा सांगाडा आणि चिंध्या. ती पळायची हे गावाने इतकी वर्षं पाहिलं होतं. ती का पळू शकते, हा विचार कमिटीला सुचला नव्हता.

अर्ध्या चढावर, कॅफेसमोर, योहान थांबला. थांबला तो थांबलाच. गड्यांनी त्याला खाली टेकवलं आणि भिंतीला पाठ लावून बसले. बँडने तीच धून दुसऱ्यांदा वाजवली, मग तिसऱ्यांदा.

तेरेझिनाच्या होणाऱ्या सासूने विचारलं, "तुमच्याकडे तो इथे थांबतो वाटतं?"

"हो तर," पास्क्वालिना चर्चच्या दारातून ओरडली, "कॉफी घेतल्याशिवाय त्याला चढ चढवत नाही!"

सगळे हसले, पण हसू फार टिकलं नाही. खाली मुलगा उभा, वर आई काळ्यात उभी, आणि निरोप मधेच अडकलेला. म्हाताऱ्या बायका डोळ्यांना रुमाल लावू लागल्या. यंदा आई काळ्यातच राहणार की काय?

नुन्झियाताने माग्दालेनाकडे पाहिलं. मग तिच्या पालखीचा एक दांडा खांद्यावर घेतला.

"अगं, बायकांनी कधी उचललीय का?" पास्क्वालिना म्हणाली आणि म्हणता म्हणता दुसरा दांडा घेतला.

तिसऱ्याला फादरची स्वयंपाकीण आली, पिठाच्या हातांनीच. चौथ्याला तेरेझिना गर्दीतून धावत आली. "आत्या, मी! सासूबाई बघतायत ना? बघू देत."

त्या निघाल्या. कॅफेसमोर साव्हेरियो रस्त्यात उभा होता.

"दादा, बाजूला हो," नुन्झियाता म्हणाली. "तिला घाई आहे."

त्याने योहानाकडे पाहिलं, आणि तो बाजूला झाला.

पहिल्या धावेत नुन्झियाताचा रुमाल उडाला. दुसऱ्या धावेत तेरेझिनाची वेणी सुटली. तिचे केस तांबूस, भाजलेल्या चेस्टनटच्या रंगाचे. त्यांच्या घराण्यातच तो रंग होता, गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता. उतरताना पोरीचे केस वाऱ्यावर, माग्दालेनाचे केस वाऱ्यावर, आणि सकाळचं ऊन दोन्हींवर सारखंच. साव्हेरियो बघत राहिला. मुलीकडे, मूर्तीकडे, बहिणीच्या अर्ध्या पांढऱ्या झालेल्या डोक्याकडे. मग टोपी कुणाच्या तरी हातात देऊन तो पुढे आला.

"सरक," तो स्वयंपाकिणीला म्हणाला.

तिसरी धाव तो लंगडत धावला. माग्दालेना त्याच्या बाजूला कलली होती, पण पोचली. वळणाआडून आई निघाली, चढावरून खाली आली, आणि काळा झगा एकाच झटक्यात जमिनीवर पडला. फटाके उडाले, घंटा घणघणल्या, योहानाच्या गड्यांनीही बसल्या बसल्या टाळ्या पिटल्या. तेरेझिनाची सासू रडता रडता म्हणाली, "आमच्या योहानाला हे सांगायला हवं."

गर्दी पांगू लागली तेव्हा साव्हेरियो चौकात माग्दालेनाजवळ रेंगाळला. त्याने एक बट बोटांत धरली, भाजेल की काय अशी. म्हणाला, "नुन्झिया, हे नेपल्सचे नाहीत."

"विचारू नकोस."

"कोण होता तो, म्हणून मी किती वेळा..."

"दादा, जिवंत आहेस ना? मग झालं तर." तिने त्याच्या हातातून बट सोडवली आणि नीट मागे सारली. "आता चल. कोकरू भट्टीत आहे, आणि तुझी विहीण उपाशी आहे."

तो निघाला नाही. आधी त्याने रस्त्यात पडलेला तिचा रुमाल उचलला, झटकला, आणि सगळ्या चौकादेखत तिच्या डोक्याला बांधून दिला. गाठ वाकडी बसली. तिने ती दिवसभर तशीच ठेवली.