उरलेले चव्वेचाळीस तास

मास्तर दाढी करायचे ती फक्त डायलिसिसच्या दिवशी. एरवी गालावरचे खुंट तसेच. हे वहिनी गेली तीन वर्षं बघत होत्या, आणि तीन वर्षं त्यांच्या पोटात दुखत होतं.

मास्तर म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. कुठल्या शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण हातात कला असली की लोक आपोआप मास्तर म्हणायला लागतात, तसं झालं होतं. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून ते एक दिवसाआड केंद्रात जायचे. तिथं चार तास मशीन त्यांचं रक्त बाहेर ओढून घ्यायचं, धुऊन काढायचं, अंगात साठलेलं जादा पाणी वेगळं करायचं आणि रक्त परत अंगात सोडायचं. वहिनी त्यांच्या बायको. केंद्रात त्यांना सगळे वहिनीच म्हणायचे, म्हणून आपणही तेच म्हणू.

वहिनींची जागा बाहेरच्या बाकावर. समोर काचेची भिंत. काचेपलीकडे बावीस खुर्च्या, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत मास्तर. मान मागे टाकून हसतायत, हातवारे करतायत, म्हणजे एकाच हाताचे, कारण दुसऱ्या हातात सुया. आजूबाजूचे पेशंट पोट धरून हसतायत. आणि त्यांच्या हातावर अंगठा ठेवून छोट्या सिस्टर उभ्या.

उंचीनं बेताच्या म्हणून त्या छोट्या सिस्टर. मास्तरांच्या हातातली शीर ऑपरेशन करून जाड केलेली होती. तिच्यातून रक्त नीट वाहतंय का, हे बोट ठेवलं की कळतं. मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. छोट्या सिस्टर ती थरथर बघायच्या, मान हलवायच्या आणि बोलता बोलता सुई आत.

"तिचा हात हलका आहे," मास्तर एकदा घरी येताना म्हणाले होते. इतकंच. पण ते वाक्य वहिनींच्या डोक्यात जे रुतलं ते काही केल्या निघेना.

वहिनी काही वेड्या नव्हत्या. छोट्या सिस्टर आपल्या मुलीच्या वयाच्या, त्यांना नवरा, दोन पोरं, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. तसला संशय त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. त्यांना खुपत होतं ते वेगळंच. माणसाचं हसणं, गप्पा, स्वच्छ दाढी, सगळं त्या चार तासांना. आणि उरलेल्या चव्वेचाळीस तासांची तहान, अंगाची खाज, चिडचिड आणि "हं" एवढंच उत्तर, हे वहिनींच्या वाट्याला. वहिनी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. मास्तरांचं पाणी त्या मोजनळीनं मोजून बाटलीत भरायच्या, क्षार निघून जावेत म्हणून भाज्या दोनदोनदा उकळून पाणी फेकायच्या. जीव जगवायचा कुणी, आणि जीव रमवायचा कुणी!

एके दिवशी काचेतून त्यांना दिसलं, छोट्या सिस्टरनी मास्तरांना चघळायला बर्फाचे दोन खडे दिले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. इतका तृप्त चेहरा वहिनींनी घरात कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. बाकावरच पर्समधला कागद काढून त्यांनी तक्रार लिहिली: पेशंटला पाणी मोजून द्यायचं असताना सिस्टर परस्पर बर्फ देतात, हा जिवाशी खेळ आहे. खाली ठसठशीत सही. आणि कागद नेऊन आत्यांच्या टेबलावर ठेवला.

आत्यांनी हे केंद्र काढलं होतं. त्या तेव्हा एका छापखान्यात मजकूर तपासायच्या. त्यांची भाची एकोणीस वर्षांची, मूत्रपिंडानं आजारी. सगळ्यांत जवळचं मशीन बसनं सहा तासांवर. चार महिने भाची आणि आत्या त्या बसमधून गेल्या आणि आल्या, आणि एके दिवशी येताना भाची खिडकीला डोकं टेकून बसली ती तशीच गेली. आत्या बसमध्ये होत्या. त्यानंतर त्या कुठल्याशा मोठ्या इस्पितळात गेल्या, तिथं अडगळीत टाकलेली दोन जुनी मशीनं मागितली आणि नाही म्हणाले तरी रोज सकाळी जाऊन दारात बसल्या. बाविसाव्या दिवशी मशीनं मिळाली. बुटांचं एक बंद पडलेलं दुकान मिळालं. एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा फुकट यायचे, पहिले पेशंट दोन. आज बावीस खुर्च्या होत्या, पेशंटला आणायला-सोडायला गाडी होती, पण आत्या अजून रोज सकाळी आधी पाण्याच्या यंत्राशी जायच्या. मशीनला लागणारं पाणी चोख नसेल तर ते थेट रक्तात उतरतं, म्हणून तपासणीचा आकडा स्वतः बघितल्याशिवाय त्या एकही मशीन सुरू करू द्यायच्या नाहीत.

आत्यांनी तक्रार वाचली. छोट्या सिस्टरना बोलावलं नाही. फक्त मास्तरांचा त्या दिवसाचा तक्ता मागवला आणि वहिनींपुढे ठेवला. त्यात लिहिलेलं होतं: बर्फ, दोन खडे, पन्नास मिली. आणि तेवढं पाणी मशीननं जास्तीचं काढलं होतं, तेही शेजारी.

वहिनींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. स्वतः मोजमापातल्या बाई, आणि मोजमापातच पकडल्या गेल्या.

"तुम्हाला मास्तर घरी हवेत का?" आत्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"घरी मशीन बसवतो आम्ही. बायको, नवरा, मुलगी, कुणीतरी शिकावं लागतं. सात आठवडे. आठ घरांत चालू आहे. तुमच्यासारखं नेटकं माणूस मला अजून मिळालेलं नाही."

वहिनींनी मास्तरांना न विचारताच हो म्हटलं. नवरा घरी, मशीन घरी, चार तास आपले! हे सुख त्यांना बाकावर बसल्या बसल्या दिसायला लागलं. शिकवणार कोण, हे विचारायचं मात्र त्या विसरल्या.

शिकवणार होत्या छोट्या सिस्टर.

"वहिनी, आधी हात धुवायचे. तसे नाही, कोपरापर्यंत," छोट्या सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या. तक्रारीबद्दल त्यांना कळलं होतं की नाही, चेहऱ्यावरून काही पत्ता लागेना. वहिनींना त्याचाही राग आला. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

आत पाऊल टाकलं आणि वहिनींना आणखी एक धक्का बसला. सगळी खोली त्यांना ओळखत होती.

"वहिनी, ती मोजनळी आणलीत का?" शेजारच्या खुर्चीतले आजोबा म्हणाले.

"कुठली मोजनळी?"

"शाळेतली हो! मास्तरांनी एक घोट चोरून घेतला, तर तुम्ही पुरावा म्हणून बाटली उजेडात धरली म्हणे."

पलीकडच्या शिक्षिकाबाई हसत म्हणाल्या, "आणि ते लग्नाआधीचं? तुम्ही बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात गेलात, मास्तर म्हणाले यात काही बिघाड नाही, नुसती चावी दिलेली नाही. तुम्ही म्हणालात, मला माहीत आहे."

वहिनींचे कान लाल झाले. म्हणजे तीन वर्षं काचेआडून जे हसणं त्या बघत होत्या, ते त्यांच्यावरच चाललं होतं. घरी आल्यावर त्यांचा बांध फुटला.

"माझ्या गोष्टी जगाला सांगता! मला का नाही सांगत?"

मास्तर गोंधळले. "तुला काय सांगू? तू तिथं होतीसच की."

याला काय म्हणायचं! वहिनींनी ताट जरा जोरातच ठेवलं. आपल्याविषयी प्रेमानं बोलायलाही या माणसाला परकी माणसं लागतात, म्हणून त्या माणसांचा त्यांना जास्तच हेवा वाटला. आता तर खोलीतल्या बाविसाच्या बावीस खुर्च्यांचा वाटायला लागला.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिली सुई घातली. ती शिरेच्या पलीकडून बाहेर गेली. हात टरारून फुगला, निळा पडला. मास्तर ओठ चावत म्हणाले, "राहू दे. त्यांना करू दे." आणि त्यांनी बघितलं ते छोट्या सिस्टरकडे.

वहिनी हातमोजे काढून न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या. बाहेर आल्या तेव्हा छोट्या सिस्टर दारात उभ्या होत्या.

"माझ्या पहिल्या पेशंटचा हात मी दोनदा फोडला होता," त्या म्हणाल्या. "आत्यांनी मला घरी पाठवलं नाही. म्हणाल्या, उद्या पुन्हा ये. उद्या पुन्हा या, वहिनी."

त्या वेळी वहिनींना वाटलं, ही बाई थोडी तरी वाईट असती तर बरं झालं असतं.

पण त्या गेल्या. रोज संध्याकाळी रबरी नळीत सुई घालून बघितली. सुईचा कोन, बोटाचा दाब, सगळं वहीत टिपलं. आणि सहाव्या आठवड्यात मास्तर छोट्या सिस्टरना कुठल्या तरी गिऱ्हाइकाची गोष्ट रंगवून सांगत असताना वहिनींनी दोन्ही सुया घालून चिकटपट्टी लावली, तरी गोष्ट थांबली नाही.

"अगं, घाल ना," शेवटी मास्तर म्हणाले.

"घालून झाल्या."

मास्तरांनी खाली बघितलं. आजोबांनी मोकळ्या हातानं खुर्चीचा दांडा वाजवला. छोट्या सिस्टर मनापासून हसल्या, आणि त्या दिवशी वहिनी दोन बोटं उंच झाल्या.

मशीन घरी आलं. केंद्राच्या प्लंबरनं झोपायच्या खोलीत नळ आणि पाण्याचं यंत्र जोडलं. छोट्या सिस्टरनी पहिले दोन दिवस येऊन सगळं तपासलं, अडलं तर केव्हाही फोन करा म्हणाल्या आणि गेल्या. मग खोलीत उरले दोघं. मशीनचं चाक फिरतंय, नळीतून रक्त जातंय, चार तास हाताशी.

वहिनींनी गोष्टी काढल्या. शाळेत काय झालं, शेजारी काय झालं.

"हं," मास्तर म्हणाले.

दाढी केलेली नव्हती.

एक महिना असाच गेला. मास्तरांची तब्येत उलट सुधारली. खाज कमी झाली, वजन ताब्यात आलं. पण माणूस मिटत चालला. मधेच विचारायचे, "आजोबांचं वजन आज किती आलं असेल?" किंवा, "खिडकीजवळ आता कोण बसतं?" वहिनी म्हणायच्या, मला काय ठाऊक. त्यांनी जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि मिळालेल्यात जीव नव्हता. नवरा आणला, पण नवऱ्याचं हसणं तिथंच खुर्चीत राहून गेलं.

मग एका दुपारी मास्तरांचा रक्तदाब घसरला. चेहरा पांढराफटक, कपाळाला घाम, डोळे वर. वहिनींनी एक क्षणही घालवला नाही. उशी काढली, पाय उंच केले, पाणी ओढणं थांबवलं, सलाइन सोडलं, दुसऱ्या हातानं फोन लावला. पलीकडून छोट्या सिस्टर शांतपणे एकेक आकडा विचारत राहिल्या आणि वहिनी सांगत राहिल्या. दहा मिनिटांनी मास्तरांच्या ओठांवर रंग आला. त्यांनी डोळे किलकिले केले आणि पहिला शब्द उच्चारला.

"सिस्टर."

वहिनींच्या हातातला फोन अजून चालू होता. त्यांनी तो बंद केला. राग यायला हवा होता, आला नाही. फार दमल्या होत्या. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"सिस्टर नाही, मी आहे."

"कळलं," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले. "पण हात तसाच लागला." थोड्या वेळानं म्हणाले, "तू घाबरलीस?"

"अहो, घाबरायला वेळ कुठं होता!" आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला तिथं जायचंय ना?"

"तिथं मी आजारी नसतो गं," मास्तर म्हणाले. "सगळेच तसले. इथं या घरात एकटा मीच."

वहिनींना हे पटलं नाही, पण समजलं. दुसऱ्या दिवशी त्या आत्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, घरचं मशीन चालूच राहील, पण आठवड्यातला एक दिवस खुर्ची द्या. आत्यांनी कारण विचारलं नाही. शुक्रवार दिला.

पहिल्या शुक्रवारी मास्तर घासूनपुसून दाढी करून गाडीत बसले. वहिनी गेल्या नाहीत. बाकावर बसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. घर ओकंबोकं. त्यांनी मशीन पुसलं, चादर बदलली, मग टेबलाशी बसून पाण्याचा भरलेला पेला प्यायल्या. तहानलेल्या माणसासमोर नको म्हणून गेली तीन वर्षं त्या पाणी स्वयंपाकघरात पाठ करून, उभ्याउभ्याच प्यायच्या. आता बसून प्यायल्या तरी घोटागणिक त्यांना काचेमागची खोली दिसत होती. आता आपली कुठली गोष्ट चालली असेल? कोण हसत असेल?

संध्याकाळ व्हायच्या आत मास्तर आले. चपला काढायच्या आधीच बोलायला लागले. आजोबांना नातू झाला, शिक्षिकाबाईंचं प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं, खिडकीजवळ एक नवा ट्रकवाला बसतो, तो सुईला घाबरतो आणि घाबरलो नाही हे दाखवायला गाणं म्हणतो. मास्तरांनी ते गाणं म्हणून दाखवलं. ट्रकवाल्याचा आवाज, आजोबांचा खोकला, सगळं हुबेहूब. वहिनी कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांना सांगण्यासारखं होतं.

हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी एक प्रश्न जिभेवर घोळत होताच. त्यांनी तो शक्य तितक्या सहज विचारला.

"आणि छोट्या सिस्टर काय म्हणाल्या?"

"त्या? त्या आज रजेवर होत्या."

"असं का," वहिनी म्हणाल्या, आणि चेहऱ्यावरची रेषही हलू न देता त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा. ते ट्रकवाल्याचं पुन्हा पहिल्यापासून सांगा."