केरबाच्या मळ्यावरचं इंजान

त्र्यंबकने कचेरीतली नोकरी सोडली, तेव्हा थोरला भाऊ एवढंच म्हणाला, "आता या घराचा उंबरा चढू नकोस." भाऊ शब्दाचा पक्का निघाला आणि त्र्यंबक त्याच्याहून पक्का. त्याने शिवाजी पेठेत पत्र्याची शेड धरली आणि दोन वर्षं खपून तेलावर चालणारं एक इंजिन उभं केलं. लष्कराच्या भंगारातला दांडा, ओळखीच्या भट्टीत ओतून घेतलेलं चाक, बाकी सगळं कानशीने घासून. लग्न करायचं राहून गेलं. त्याची आठवण करून द्यायलाही घरात कोणी नव्हतं.

इंजिन झालं, पण घेणार कोण? शेतकऱ्याला विलायती नाव लागतं. नाव नसलेलं इंजिन म्हणजे बिनकुळाचा जावई. शेवटी कागलकडच्या केरबाने त्याला दारात उभं केलं.

"गुऱ्हाळ सुरू हुतंय. उसाच्या चरकाला जोडा. हंगाम काढला तर ठेवून घेतो," केरबा म्हणाला.

त्र्यंबक कबूल झाला. दुसरं इंजिन करायला त्याच्यापाशी लोखंडाचा तुकडा उरला नव्हता. हे परत आलं असतं, तर भावाच्या उंबऱ्याशीच जावं लागलं असतं.

दोन महिने तो इंजिनापाशी राहिला. गुऱ्हाळावरची माणसं गुळाच्या काहिलीजवळ गोल करून जेवायची, एकमेकांच्या खोड्या काढायची. त्याची भाकरी केरबाची बायको चिमणाबाई इंजिनापाशी आणून ठेवायची.

"पावणं, चार घास माणसांत बसून खावा की," ती म्हणायची.

तो हसून टाळायचा. कारण इंजिनाचा एक नट दर दोन-तीन तासांनी ढिला पडायचा, आणि कोणाचं लक्ष नसताना त्र्यंबक तो आवळायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकून बसलेल्याला पंगतीत हात धुऊन बसता येत नाही, हे त्याला कोण सांगणार?

हंगाम संपत आला तसा केरबा जवळ येऊन उभा राहिला.

"मेस्त्री, इंजान झ्याक हाय. पर ते चाललं तुमी हुता म्हणून. तुमास्नी मी काय खुट्ट्याला बांधून ठेवणार हाय व्हय? आठ दिस घरला जावा. तुमच्या माघारी चाललं तर माझं. न्हाय तर परत न्यायला गाडी जोडून देतो."

न सांगता गेलं तर इंजिन बसणार, सांगितलं तर खोट उघडी पडणार. त्र्यंबकने पाना केरबाच्या हातात दिला आणि नट दाखवला. दोन महिने लपवलेलं दोन वाक्यांत सांगून झालं.

केरबा नटाकडे बघत राहिला. "माझा तांबडा बैल डावीकडंच वढतो," तो म्हणाला, "म्हणून काय इकला न्हाई त्येला. आधी सांगायचं की."

त्र्यंबक शेडमध्ये परतला. पेठेत तालमींतून शड्डू घुमत होते, फुटबॉलवरून गल्लीत भांडणं चालली होती, आणि त्याच्याशी बोलायला चहावाल्याखेरीज कोणी नव्हतं. हात मधेच पाना शोधायचा. दोनदा तो भावाच्या दारावरून गेला. दार उघडं होतं. तो थांबला नाही.

नवव्या दिवशी एसटीतून उतरून ओढ्यापाशी येतो तोच आवाज कानांवर पडला. ठोका जराही चुकत नव्हता. तो जवळजवळ पळतच मळ्यात शिरला. इंजिन चालू होतं. नट आवळलेला होता आणि कोणीतरी त्याला खुणेची लाल चिंधी बांधली होती.

"कसं चाललंय, दादा?" त्याने केरबाला विचारलं.

"चाललंय की," केरबा दिलखुलास म्हणाला. "इंजान माझं झालं. खरं सांगतो मेस्त्री, तुमची आठवणसुदिक आली न्हाई."

हेच वाक्य ऐकायला त्याने नोकरी सोडली होती, घर सोडलं होतं. ते ऐकलं आणि त्याला भरून आलं. आता त्याच्यावाचून अडेल असं जगात काहीच उरलं नव्हतं.

"या, पान वाढलंय," चिमणाबाईने जेवणाऱ्यांच्या गोलातून हाक मारली.

"आलो. जरा इंजिनाकडे बघून येतो."

"त्येच्याकडं काय बघायचंय आता?" ती म्हणाली आणि बाजूला सरकली.

त्र्यंबकने हात धुतले आणि त्या जागेत जाऊन बसला.