अनंता परीचं लांबचं उड्डाण

खऱ्या कलावंताला मत्सर शिवत नाही. दुसऱ्याची कला पाहून त्याचं मन भरतीच्या समुद्रासारखं भरून येतं. हे वाक्य मी रामनवमीच्या उत्सवात सलग चौदा वर्षं भाषणात म्हटलं, आणि चौदाही वर्षं लोक त्या वेळी मान वळवून परी तयार झाली का ते पाहत होते.

परी म्हणजे अनंता. एरवी तो मुरुडच्या पोस्टात टपाल वाटायचा. उत्सवाच्या आदल्या दिवशी मिशी उतरवायचा आणि नवमीच्या दिवेलागणीला नारळाच्या वाडीत आभाळातून उतरायचा. आमचं नाटक एकच, आमच्या आज्यांच्या वेळचं. राजा, शाप आणि परी. राजा मी. शाळेत इंग्रजीचा मास्तर, बी. ए., वाणी शुद्ध. पण राजा चालत येतो, आणि चालत येणाऱ्या माणसाला टाळी पडत नाही. परी उतरली की टाळी. परी शिंकली तरी टाळी. एका वर्षी दिव्याने तिचा पंख पेटता पेटता राहिला, तर लोकांनी तेही पुन्हा मागितलं.

तिला उतरवायचं काम कोळीवाड्यातल्या काळूराम तांडेलाचं. माडाला होडीची कप्पी, कप्पीतून शिडाचा दोर, दोराला अनंता, आणि दोर धरायला चार खलाशी. दोन कडव्यांत परी जमिनीवर यायची आणि खलाशी आपल्या होड्यांवर जायचे.

एकोणीसशे अठ्ठावीस साली, उत्सवाला आठ दिवस असताना, मुंबईच्या बोटीने शिनेमाचा तंबू उतरला. त्याचा ऑपरेटर शिवदास पहिल्याच दिवशी शाळेची बाकं मागायला माझ्याकडे आला. तासभर बसला, चहा घेतला, बरंच बोलला. मी बाकं दिली.

चित्र निघालं नेमकं आमच्याच नाटकावरचं. मुकं होतं, संवादांच्या पाट्या यायच्या आणि पेटीवाला त्या मोठ्याने वाचायचा. त्यातली परी मात्र खरोखरच बाई होती. गावाला हा पहिला धक्का. आमच्या परीचे पंख पतंगाच्या कागदाचे, कामट्या पाठीला टोचायच्या, म्हणून ती राजाला वरदान द्यायची तेही जरा कण्हतच. ही पांढऱ्या जाळीत, केस मोकळे सोडून, ढगांतून आडवी उडत जायची. डोंगर गेले, राजवाडे गेले, हिच्या चेहऱ्यावर श्रम नाहीत. वाटेल तेव्हा धुरासारखी विरून जायची. आमच्या परीला विरायचं तर दोघांना चादर धरून उभं राहावं लागे.

अनंता रोज तंबूत जाऊ लागला. चौथ्या दिवशी टपालाची पिशवी खांद्यावर ठेवूनच तो माझ्या ओटीवर बसला.

"मास्तर, तिच्या कमरेला दोर दिसला तुम्हाला?"

"नाही बुवा."

"मीही बघतोय. पहिल्या रांगेत बसून बघतोय." मग म्हणाला, "पण मुकी आहे. गाता येत नसणार."

नसणारच, असं मी म्हटलं. तेवढ्याने त्याचं समाधान होण्यासारखं नव्हतं, कारण सकाळी सखुबाईला तिच्या मुलाचं कार्ड वाचून दाखवल्यावर ती म्हणाली होती, "अनंता, तू आपला नुसता खाली येतोस रे. ती जाते बघ कुठच्या कुठे." हे त्याने मला दोनदा सांगितलं. मी त्याच्याबरोबर दोनदा हळहळलो. चौदा वर्षांत त्या रात्रीइतकी गाढ झोप मला लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो बेत घेऊन आला. परी यंदा उतरायची नाही, उडायची. या माडापासून त्या माडापर्यंत, सगळ्या लोकांच्या डोक्यांवरून, अकरा कडवी. उत्सवाचा चिटणीस म्हणून माझी परवानगी हवी होती. मी ती लेखी दिली.

काळूरामने मात्र मान हलवली. माडामाडांत दोर ताणून देतो म्हणाला, ओढूनही नेतो. "पन मास्तर, नवमीची भरती दिवेलागनीलाच फिरते. पानी फिरलं का आमी न्हाय थांबनार. मासली काय आमच्यासाठी थांबते?" हे अनंताला समजावून सांगा, असंही तो मला म्हणाला. माझ्या भाषणाची तयारी चालू असल्याने ते राहून गेलं.

नवमीला तंबू रिकामा पडला. शिवदाससुद्धा वाडीत येऊन बसला. अनंता पहिल्या माडावरून सुटला तेव्हा बायकांनी पोरं छातीशी धरली. सहाव्या कडव्याला तो बरोबर लोकांच्या मध्यावर होता. तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली. पाणी फिरलं होतं. कोळी माणूस दोर कधी मोकळा सोडत नाही. चौघांनी तो माडाला नीट बांधला आणि ते होड्यांकडे गेले.

अकरा कडवी संपली. परी तिथेच. गाठ आम्हा कोणालाच सुटेना, आणि कापावी तर अनंता खाली येणार तो कसा, याबद्दल दुमत नव्हतं. त्याने खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं गाणं धरलं. मग त्याच्यापुढचं. पाऊण तासात त्याने सबंध नाटक वरून म्हटलं, राजाची पदंही, आणि सांगायला वाईट वाटतं, ती माझ्यापेक्षा बरी म्हटली. वारा आला की तो हळूच गोल फिरायचा, त्यामुळे चारी बाजूंच्या लोकांना चेहरा दिसला. अखेर काळूरामची बायको वेणूबाई गर्दीतून आली आणि तिने एका हाताने गाठ सोडली. दोर आम्ही धरला आणि परी उतरली. असली टाळी मुरुडने आजवर ऐकली नव्हती. राजाचा प्रवेश त्यानंतर होता. पण लोक तृप्त होऊन घरी निघाले होते. मी मुकुट घालून चादरीमागे उभा होतो.

अनंताला पाय टेकवत नव्हता. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो माझ्याकडे आला.

"मास्तर, खरं सांगा. तिच्याहून लांब गेलो का?"

"गेलास," मी म्हणालो.

शिनेमातली ती परी चित्र काढताना स्टुलावर पालथी झोपलेली होती. मागचं रंगवलेलं आभाळ दोन गडी दोरीने ओढत होते. त्यातला एक शिवदास. पहिल्या दिवशी बाकं मागायला आला तेव्हाच त्याने मला हे सांगितलं होतं.